१७९८, इंग्लंड: जमीनदार वारला, मागे दोन बायकांची पाच मुलं. इस्टेट कोणाला किती मिळेल?

निळीशाई
नमस्कार मंडळी. एक दीर्घकथा लिहितेय, तिसऱ्या जॉर्जच्या काळातली, हॅम्पशरमध्ये घडणारी. घरचा मालक उमराव वगैरे नाही, साधा जंटलमन, पण बापजाद्यांची जमीन आहे आणि कुळांकडून वर्षाला २००० पौंड खंड येतो. १७९८ मध्ये तो वारतो. पहिल्या बायकोपासून थोरला मुलगा (वय २४) आणि एक मुलगी, ती बायको गेल्यावर दुसरं लग्न, तिच्यापासून एक मुलगा आणि दोन मुली, तिघंही अजून लहान. माणूस मायाळू आहे, त्याला पाचही मुलं सारखी, आणि तो मृत्युपत्रात सगळ्यांना सारखी वाटणी लिहून जातो, मग थोरला भडकतो आणि सावत्र आईशी त्याचं वाजतं. मृत्युपत्र १७९० चं आहे, त्यानंतर त्याने शेजारचं एक फार्म विकत घेतलंय. हे त्या काळच्या कायद्यात बसतं का? सारखी वाटणी करता यायची का, की सगळं थोरल्यालाच जायचं? मुलींना काहीच मिळत नसे असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, ते मला पटत नाही, मग त्यांची लग्नं कशी व्हायची?

दस्तऐवज
थोरल्यालाच द्यायला पाहिजे असा काही कायदा नव्हता. स्वतःची मोकळी जमीन आणि पैसाअडका माणूस मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकायचा, इंग्लंडमध्ये मुलांना हक्काचा किमान वाटाच नव्हता (स्कॉटलंडची गोष्ट वेगळी, तिथे जंगम मालमत्तेत बायकोमुलांचा ठरलेला हिस्सा असायचा). पण ताई, तुमच्या कथेत आधी हे ठरवा की ती जमीन खरंच त्याची होती का.

बापजाद्यांची जमीन म्हटली की बहुतेक घरांत स्ट्रिक्ट सेटलमेंट असायचं. म्हणजे लग्न ठरलं की दोन्हीकडचे वकील बसून करार करायचे, त्यात नवऱ्याला जमीन फक्त हयातीपुरती, त्याच्यानंतर अजून जन्मालाही न आलेल्या थोरल्या मुलाला, आणि मधे ट्रस्टी राखण करायला. खंड खा, घरात राहा, पण विकता येणार नाही आणि मृत्युपत्रात लिहिता तर मुळीच येणार नाही. तुमच्या मायाळू बापाने १७९० मध्ये सारखी वाटणी लिहिली तरी सेटलमेंटमधल्या जमिनीपुरता तो कागद कुचकामी.

ही गाठ सुटायची ती मुलगा २१ वर्षांचा झाला की. बाप आणि मुलगा मिळून कॉमन रिकव्हरी नावाची कोर्टातली प्रक्रिया करून एन्टेल, म्हणजे जमीन पुढच्या वारसालाच बांधून ठेवणारी अट, मोडू शकायचे, आणि बहुतेक वेळा मोडून लगेच पुन्हा नवीन सेटलमेंट करायचे, ज्यात आता मुलगा हयातीपुरता मालक आणि त्याचा न जन्मलेला मुलगा पुढचा वारस. मुलगा सही का करायचा? कारण त्याच्या हातात स्वतःचा पैसा नसायचा आणि बाप म्हणायचा सही कर, आजपासून वर्षाला ठरलेली रक्कम बांधून देतो. तुमचा थोरला २४ चा आहे म्हणजे ही सही तीन वर्षांपूर्वीच झालेली असणार. मला विचाराल तर कथेतला सगळ्यात जोरदार प्रसंग तो आहे, बाप, मुलगा, वकील आणि मधे तो लांबलचक कागद. बापाला धाकट्यांसाठी काही करून घ्यायचं असेल तर तीच वेळ होती, मुलाची सही मिळते तेव्हा.

पारावरची
मुलींना काहीच नाही हे चूकच. जमीन नाही, पण रोख रक्कम असायची, तिला पोर्शन म्हणायचे, आणि ती लग्नाच्या करारातच लिहिलेली असायची. "धाकट्या मुलांसाठी एकूण इतके हजार" असं, त्यात मुली आणि थोरला सोडून बाकीचे मुलगे सगळे आले. रक्कम उभी करायला ट्रस्टी जमीन गहाण टाकायचे, म्हणजे फेडायची थोरल्याने.

आता तुमच्या घरात एक भयंकर गोष्ट होतेय ती बघा. पहिल्या लग्नाच्या करारातला पोर्शन हा त्या लग्नाच्या मुलांचा. समजा ६००० पौंड लिहिलेत. त्या बायकोची धाकटी एकच, ती मुलगी, तर सगळे ६००० तिचे. दुसऱ्या बायकोच्या तिघांना त्यातला एक पेनी नाही! त्यांच्यासाठी दुसऱ्या लग्नाचा वेगळा करार लागणार, आणि तेव्हा जमीन आधीच बांधलेली असल्यामुळे बापाला तिच्यावर फार बोजा टाकता येणार नाही. बहुधा दुसऱ्या बायकोने जे माहेरून आणलं तेच तिच्या मुलांना. तिने ३००० आणले धरा, तर आईच्या पश्चात प्रत्येकाला १०००. एकाच जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या बहिणींपैकी एकीकडे ६००० आणि दोघींकडे हजार हजार, म्हणजे कोणाला कसं स्थळ येणार ते उघडच आहे.

विधवेला जॉइंचर, म्हणजे तिच्या हयातीपर्यंत वर्षाची बांधलेली रक्कम. माहेरून आणलेल्या १००० मागे वर्षाला साधारण १०० असा हिशोब चालायचा, त्यामुळे हिला ३०० (पहिल्या सेटलमेंटमध्ये पुढच्या बायकोला जॉइंचर द्यायची मुभा ठेवलेली असेल तरच, बरेचदा असायची). आता थोरल्याचा हिशोब करा. खंड २०००, त्यातून सावत्र आईचे ३००, बहिणीच्या ६००० वर ५ टक्के व्याज म्हणजे आणखी ३०० (५ च्या वर व्याज घेणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता), राहिले १४००, त्यात कर, दुरुस्त्या आणि बापाने केलेलं गहाण असेल तर तेही. सावत्र आई पस्तिशीची असेल तर ही ३०० ची ओळ त्याच्या हिशोबात तीस-चाळीस वर्षं राहू शकते. त्यामुळे तुमचा थोरला भडकायला मृत्युपत्राची गरजच नाही, आणि मला तरी त्याचंही थोडं वाईट वाटतं, बाहेरून जमीनदार आणि आतून सगळ्यांचा देणेकरी.

शिशिर_०७
फार्मबद्दल कोणी बोललं नाही, ते महत्त्वाचं आहे. १८३७ चा कायदा येईपर्यंत जमिनीबाबत मृत्युपत्र फक्त ते केलं त्या दिवशी मालकीची असलेल्या जमिनीला लागू व्हायचं. "माझी सगळी जमीन" असं लिहिलं तरी नंतर घेतलेलं फार्म त्यात येत नाही! १७९० नंतर नवीन मृत्युपत्र किंवा पुरवणी केली नसेल तर फार्म कायद्याने थोरल्याकडे. पुरवणीलाही तीन साक्षीदार हवेत, कारण १६७७ च्या कायद्याने जमिनीच्या मृत्युपत्राला तीन लागतात, आणि १७५२ पासून साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रात काही दिलं असेल तर साक्ष चालते पण त्याला दिलेलं रद्द होतं. रोख, सामान यांच्या मृत्युपत्राला मात्र तेव्हा साक्षीदार लागतच नव्हते, हस्ताक्षर ओळखू आलं तरी भागायचं.

म्हणजे तुमच्या माणसाने धाकट्यांच्या प्रेमापोटी फार्म घेतलं, ते सेटलमेंटच्या बाहेरचं, त्याला हवं तसं देता आलं असतं असं एकमेव शेत, आणि तेवढंच कागदाअभावी थोरल्याकडे गेलं. मी लिहीत असतो तर ह्यावरच कथा उभी केली असती.

मृत्युपत्रच नसतं तर काय ते पण सांगून ठेवतो. मोकळी जमीन सगळी थोरल्याला, विधवेला त्यातल्या एक तृतीयांशाचं उत्पन्न हयातीपर्यंत (जॉइंचर घेतलं असेल तर हा हक्क जातो). जंगम मालमत्ता कर्ज फेडून उरेल त्यात विधवेला एक तृतीयांश, बाकी सगळ्या मुलांना सारखी. ४५०० उरले तर तिला १५००, पाच मुलांना ६०० प्रत्येकी. आणि थोरला ह्या वाटणीतही बसतो, जमीन मिळाली म्हणून त्याचे ६०० कमी होत नाहीत. केंटमध्ये असता तर मोकळी जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटली गेली असती, तिथे गॅव्हलकाइंड नावाची जुनी चाल होती, पण तुमचं हॅम्पशर आहे.

निळीशाई
बापरे, हे तर मी ठरवलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे! ६००० वाली बहीण आणि फार्म दोन्ही घेणारच. दोन गोष्टी अजून विचारते. बापाची उधारी, शिंप्याची, वाइनवाल्याची, ती कोण फेडणार? आणि मग मृत्युपत्राने त्या माणसाच्या हातात राहिलं तरी काय?

दस्तऐवज
उधारी आधी जंगम मालमत्तेतून जायची. दुकानदाराकडे बाँड म्हणजे मोहोरबंद कागद नसेल, नुसती वहीतली उधारी असेल, तर तो मेलेल्या जंटलमनच्या जमिनीला हात लावू शकत नव्हता, मृत्युपत्रातच जमिनीवर बोजा टाकला असेल तर गोष्ट वेगळी. हे १८३३ मध्ये बदललं. त्यामुळे व्हायचं असं की जमीन शाबूत, आणि ज्या रोख पैशात धाकट्यांचा वाटा तो शिंपी आणि वाइनवाले घेऊन जायचे. हा मला त्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

मृत्युपत्राने हातात काय राहिलं विचाराल तर घोडे, गाड्या, चांदीची भांडी, पुस्तकं, कर्जरोखे, मित्रांना सुतकाच्या अंगठ्या, नोकरांना वर्षाचा पगार, असं सगळं. पण एक मोठी गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही, २१ च्या आतल्या मुलांचा पालक. १६६० च्या कायद्याने बाप मृत्युपत्रात कोणालाही पालक नेमू शकायचा आणि नुसती आई आहे म्हणून तिला ते नाकारता येत नसे. १७९० च्या मृत्युपत्रात त्याने पालक म्हणून कोणाचं नाव घातलंय ते ठरवा. तेव्हा थोरला १६ चा होता, म्हणजे बहुधा एखादा काका किंवा मित्र, आणि सावत्र आईचं नाव त्यात नसेल तर १७९८ मध्ये तिच्या तीन मुलांनी कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं हे तो माणूस सांगणार.

पारावरची
आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घेणं, ते कुठे हे विचारायच्या आधीच सांगते, चर्चच्या कोर्टात. दोन बिशपच्या हद्दींत ५ पौंडांच्या वर माल असेल तर कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात, लंडनला सेंट पॉल्सजवळ डॉक्टर्स कॉमन्समध्ये. तिथल्या मृत्युपत्रांच्या नकला आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. त्या काळच्या माणसाने बायकोला कुठला पलंग, मुलीला कुठलं घड्याळ लिहिलंय ते मूळ शब्दांत वाचा आणि मगच तुमचं मृत्युपत्र लिहायला घ्या.