चकाकीसाठी अख्खे केस रंगवणं थांबवा, घरचा ग्लॉस पुरे आहे (चर्चा)

तिरपीरेघ

केस रंगवणाऱ्या निम्म्या जणींना मुळात रंग बदलायचाच नसतो. त्यांना हवी असते ती रंगवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली चकाकी. ती उतरली की पुन्हा डबा फोडायचा, पुन्हा मुळापासून टोकापर्यंत पर्मनंट रंग थापायचा. टोकं आणखी राठ होतात, राठ केस निस्तेज दिसतात, म्हणून परत रंग. असं वर्षानुवर्षं चालतं.

माझं म्हणणं सरळ आहे. पर्मनंट रंग फक्त मुळांना, जेवढे केस नवे आले तेवढ्यांनाच. महिन्याला साधारण सेंटीमीटरभर केस वाढतात, म्हणजे रंगवायची पट्टी केवढीशी! उरलेल्या लांबीला महिना-दीड महिन्यातून एकदा घरी ग्लॉस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्लॉस म्हणजे केसांना चकाकी देणारा लेप, ढोबळमानाने दोन प्रकारचा. एक नुसता वर बसणारा. शॅम्पूनंतर ओल्या केसांना लावा, थोड्या वेळाने धुवा, काही धुण्यांत निघून जातो. दुसरा डेमी-पर्मनंट, म्हणजे अर्धा टिकाऊ, डेव्हलपरमध्ये (रंग चढवणाऱ्या पेरॉक्साइडच्या द्रवात) कालवायचा. पण तो डेव्हलपर सौम्य असतो, दीड ते तीन टक्के पेरॉक्साइडचा. पर्मनंट रंगाला सहसा सहा टक्के आणि त्याहून वरचा लागतो. डेमी रंग केस फारसे उजळत नाही, हळूहळू फिका होत जातो, त्यामुळे वाढलेल्या मुळांशी ठळक रेघ पडत नाही. पारदर्शक छटेतही मिळतो.

यासाठी दर वेळी पार्लरची खुर्ची अडवायची काही गरज नाही. विरोध होणार हे धरून चालले आहे. या.

---

रसायनभट

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर भांडतो.

आधी चकाकी म्हणजे काय ते बघू. केसाच्या बाहेर क्यूटिकलचे खवले असतात, कौलांसारखे एकावर एक. ते सपाट बसलेले असले आणि केस एकमेकांना समांतर असले की प्रकाश एकाच दिशेने परततो आणि केसांवर तो उजळ पट्टा दिसतो. खवले उचकटले की प्रकाश विखुरतो. शिवाय सगळ्यात वरच्या खवल्यावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो, १८-एमईए नावाचा. तो केसाला रासायनिक बंधाने जोडलेला असतो. रंगातली अल्कली (अमोनियासारखा घटक) आणि पेरॉक्साइड एकत्र आले की तो निघतो, आणि एकदा गेला की केस तो परत तयार करत नाही, कारण केस ही मृत वस्तू आहे. यापुढे केसाला लावाल ते सगळं या थराची नक्कल असते.

म्हणून माझा प्रश्न: पारदर्शक डेमी ग्लॉस घेता, त्यात रंग नाही, मग पेरॉक्साइड कशाला? पेरॉक्साइडचं काम रंगाचे छोटे रेणू केसाच्या आत जोडून मोठे करणं. जोडायला रेणूच नसतील तर फुकटची झीज. पारदर्शकच हवा असेल तर बिनडेव्हलपरचा घ्या. तोसुद्धा आम्लधर्मी.

आणि एक गंमत. रंगाच्या डब्यात शेवटी लावायची ती छोटी ट्यूब असते ना, कंडिशनरची? 'पहिल्या आठवड्यातली चकाकी' बरीचशी तिची. धनभारित घटक आणि सिलिकोन. रंगवलेला केस ऋणभारित असतो, त्याला ते पटकन चिकटतात. त्यात रंग गडद केला असेल तर भरच. गडद केसात आत शिरलेला प्रकाश शोषला जातो आणि वरून परतलेला तेवढा उठून दिसतो. खवले तेच, चकाकी जास्त वाटते.

---

कात्रीवाली

या व्यवसायात आहे, त्यामुळे 'हिला गिऱ्हाईक जायची भीती' असं म्हणायचं असेल त्यांनी आधीच म्हणून घ्या.

घरी ग्लॉस लावून आलेल्या बायकांच्या कानशिलाजवळची एक बट मी खिडकीपाशी नेऊन बघते. बऱ्याचदा एकाच बटेत तीन पट्टे सापडतात. मुळाशी बोटभर लालसर, ऊबदार. मधे ठीकठाक. शेवटचा वीतभर भाग जवळजवळ काळा, त्यात हिरवट-राखाडी झाक. कारण साधं आहे. टाळूच्या उष्णतेने मुळाशी रंग लवकर चढतो आणि पेरॉक्साइड मूळचा रंग किंचित उजळवतं. टोकं सच्छिद्र झालेली असतात, ती रंग पिऊन टाकतात. घरी मात्र एकच वाडगा, एकच मिश्रण, एकच वेळ, सगळीकडे सारखं!

आम्ही काय वेगळं करतो? मुळांना वेगळं, टोकांना वेगळं मिश्रण. टोकांना शेवटची काही मिनिटंच. आधी टोकं थोडी भिजवून घेतो. हे स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला कोण करणार?

आणि 'फिका होत जातो' याचाही पुढचा भाग सांगते. सच्छिद्र टोकांवर डेमी रंग दर वेळी थोडा थोडा उरतो. गडद छटा वारंवार लावली की तो साचतो. मग केस उजळ करायचे म्हणून माझ्याकडे येतात. रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत, आधी साचलेला काढावा लागतो, आणि त्यात केसांचे खरे हाल होतात.

---

तिरपीरेघ

@रसायनभट: पारदर्शकाचा मुद्दा मान्य. त्यात वाद नाही.

@कात्रीवाली: तुम्ही सांगताय ती चूक 'टोकांवर गडद रंग वारंवार' ही आहे, आणि मी तिच्याच विरुद्ध बोलतेय. टोकांना पारदर्शक किंवा एक छटा उजळ घ्या, आतल्या एका बटेवर आधी करून बघा, मुळांच्या बाजूला नेऊच नका. एवढं पाळलं तर तीन पट्टे कुठून येणार? पर्मनंट रंग घरी लावणाऱ्यांना तुम्ही अडवू शकत नाही. त्यांच्या हातून निदान कमी नुकसान व्हावं, इतकंच म्हणतेय.

---

उगाच

केसांच्या झिजेवर एवढी चर्चा, कातडीचं काय?

'अमोनिया नाही' वाचलं की लोकांना वाटतं औषधी लेप आहे. अमोनियाऐवजी बहुधा मोनोइथेनॉलअमाइन असतं. त्याला तो वास येत नाही, कारण ते सहज उडून जात नाही. अल्कली ती अल्कलीच. खरा धोका तर तिसऱ्याच घटकात आहे. डेव्हलपरवाल्या गडद डेमी ग्लॉसमध्येही पीपीडी हे रंग बनवणारं रसायन किंवा त्याचा भाऊबंद असलेलं पीटीडी असतं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' म्हणून पीपीडीची निवड केली होती ती काही हौसेने नाही.

माझ्या बाबतीत झालं ते असं: आधी वर्षानुवर्षं काही नाही. मग एकदा कानांमागे खाज. पुढच्या वेळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे मिटले गेले. या अ‍ॅलर्जीची रीतच ही, सवयीच्या रंगालाही ती नव्याने येऊ शकते आणि एकदा आली की बहुधा जन्माची. काळ्या मेंदीचे तात्पुरते टॅटू काढलेल्यांनी तर आणखी जपावं. त्यातलं पीपीडी शरीराला कायमचं चिडवून ठेवू शकतं आणि ते कळतं केस रंगवताना.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडं मिश्रण आधी कातडीवर लावून बघणं, ४८ तास आधी, दर वेळी. धागाकर्तीने एवढं सगळं लिहिलं, यावर एक ओळ नाही. का?

---

पांढरपेशा

नाव बघून कळलंच असेल, माझा पक्ष पिकल्या केसांचा.

डेमी रंग पांढरे केस पूर्ण झाकत नाही, त्यांना मिसळून टाकतो. बरेच लोक ही तक्रार म्हणून सांगतात. मला तेच आवडतं. सगळे केस एकसारखे काळे केले की माणूस विग घातल्यासारखा दिसतो. पांढऱ्यांवर फिकट छटा बसली की जवळून बघणाऱ्यालाही नीट ठरवता येत नाही की रंगवलेत की नाहीत. दाढीला मात्र हे लावू नका, तिथली त्वचा लवकर चिडते.

उगाच यांच्या पॅच टेस्टला अनुमोदन.

---

एकवेणी

तुम्ही सगळे मिळून एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताय. निस्तेज केसांना रंग किंवा ग्लॉस लागतोच कशाला?

निस्तेजपणाची कारणं बघा. पाणी जड असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. ते काढणारा, ईडीटीए असलेला शॅम्पू अधूनमधून वापरला की फरक उघड दिसतो. सिलिकोनचे थर चढले असतील तर तेही धुऊन निघतात. इस्त्री दोनशे अंशांवर ठेवून रोज फिरवायची आणि मग चकाकी गेली म्हणून ग्लॉस आणायचा! तापमान खाली आणा, ओल्या केसांवर इस्त्री तर अजिबात नको. आतलं पाणी उकळून केसात अक्षरशः बुडबुडे होतात. दुभंगलेली टोकं कापा. शेवटी पाण्यात थोडा व्हिनेगर.

केसांना जरा श्वास घेऊ द्या.

---

रसायनभट

क्षार आणि इस्त्री, दोन्हींना +१. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. पण दोन गोष्टी.

केस श्वास घेत नाहीत. मृत आहेत, वर लिहिलंय.

व्हिनेगरने आम्लता येते, अल्कलीने फुगलेले खवले बसायला मदत होते, हे खरं. पण ते केसांवर काही ठेवून जात नाही. १८-एमईए गेलेल्या केसाला व्हिनेगरने काही मिळत नाही, साध्या कंडिशनरने मिळतं. शिवाय न मोजता ओतलं तर टाळू चुरचुरते. त्यापेक्षा चांगला आम्लधर्मी बिनडेव्हलपरचा ग्लॉस बरा, तो निदान त्या कामासाठीच बनवलेला असतो. ज्याचे केस कधी रंगवलेलेच नाहीत त्याला मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू. त्याने डेव्हलपरच्या वाटेला जाऊच नये.

---

कुरळी_बाई

समांतर केस, उजळ पट्टा वगैरे वाचून हसू आलं. आमचे केस समांतर कधी असणार? कुरळ्या केसात प्रत्येक वळणाला प्रकाश वेगळीकडे जातो, निरोगी असले तरी आरशासारखे चमकत नाहीत. मग 'चकाकी नाही म्हणजे केस खराब' असं गृहीत धरून आमच्या गळ्यात ग्लॉस मारला जातो. काही डेमी ग्लॉसनंतर माझी वळणं सैल पडली होती, परत यायला वेळ लागला. वर बसणारा ग्लॉस ठीक आहे, पण कुरळेपणा असेल तर हलकाच घ्या, जड सिलिकोनने बटा लोंबतात.

---

सावधपाऊल

कर्करोगाचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मी काढते. रंगांनी होतो ना?

---

रसायनभट

सरसकट 'होतो' म्हणता येत नाही आणि 'मुळीच नाही' असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात केशकर्तनाच्या व्यवसायातला रोजचा संपर्क 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकला, वैयक्तिक वापराबद्दल मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १,१७,२०० अमेरिकन परिचारिकांचा ३६ वर्षं मागोवा होता. पर्मनंट रंग वापरणाऱ्यांत बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही, काही प्रकारच्या स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात थोडी वाढ दिसली. म्हणजे यात खरी काळजी करायची तर ती कात्रीवालींनी.

---

कात्रीवाली

हातमोजे आणि उघडी खिडकी, दोन्ही आहेत. धन्यवाद.

वर कुणी केस सरळ करण्याच्या उपचारांना ग्लॉस समजत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या सरळ करण्याच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात आलेलं आहे. 'चमकदार सरळ केस' लिहिलेलं दिसलं की मागची यादी वाचा.

बाकी तिरपीरेघ, तुमच्या शेवटच्या उत्तराशी मी एवढ्यापुरती सहमत: बिनडेव्हलपरचा, पारदर्शक किंवा केसांच्याच छटेचा, घरी लावा, खुशाल. डेव्हलपर कालवायचा म्हटलात की माझा विरोध कायम. डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही.

---

तिरपीरेघ

@उगाच: धाग्यात टेस्टची ओळ हवी होती, बरोबर. कुणी संपादक वाचत असेल तर वर टाकावी. डेव्हलपरवाला ग्लॉस लावणार असाल तर ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आत, सवयीचा ब्रँड असला तरी.

@कात्रीवाली: मागची बाजू दोन आरशांत दिसते. केसांचे चार भाग करून मागचे दोन आधी लावायचे, पुढचे नंतर, कारण मागे हात हळू चालतो. डेव्हलपरवर आपलं जमणार नाही हे दिसतंय. पांढऱ्यांना मिसळायचं असेल तर वर बसणारा ग्लॉस चार धुण्यांत निघून जातो, मग पांढरपेशांनी काय करायचं? दर पंधरवड्याला तुमच्याकडे यायचं?

---

कात्रीवाली

यावं की. पिकलेल्या केसांना दर पंधरवड्याची गरजच नसते, नीट मिसळलेला रंग दीड-दोन महिने बघवतो. तुमचा घरचा महिन्याला लागतो म्हणताय, म्हणजे वर्षाचं पेरॉक्साइड कुणाचं जास्त झालं?

---

पांढरपेशा

माझ्या डोक्यावरून भांडण चाललंय म्हणून विचारतो: मागच्या दोन भागांना किती वेळ ठेवायचं आणि पुढच्यांना किती? डब्यावर एकच आकडा दिलाय.