मदत हवी आहे: स्नोड्रॉपला पाने भरपूर येतात, पण फुले येत नाहीत

मृद्गंध (धागाकर्ती):
नमस्कार. आमच्या घरामागच्या बागेत आधीच्या मालकांनी लावलेले स्नोड्रॉप, म्हणजे कंदापासून येणारी छोटी फुलझाडे आहेत. चार वर्षांपूर्वी आम्ही येथे राहायला आलो, तेव्हा फेब्रुवारीत बर्फ वितळता वितळता बागेचा तो सारा कोपरा पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता. आईची खाट खिडकीशी असल्यामुळे तिला ती फुले पडल्या जागेवरून दिसत. त्यानंतर दरवर्षी फुले कमी होत गेली आणि यंदा मोजून सात आली आहेत. पाने मात्र दाट आणि हिरवीगार आहेत. सगळे कंद काढून नवे लावावेत का, हे मला याच आठवड्यात ठरवायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

कंदप्रेमी:
कृपया घाईने काहीही उपटू नका, कारण पाने जोमदार असतील तर कंद जिवंत आहेत. जागा उन्हाची आहे की सावलीची, जवळ एखादे झाड आहे का, पाणी साचते का आणि कंद किती खोल आहेत, हे कळल्याशिवाय कारण सांगणे कठीण आहे.

जुनीबाग:
माझ्या मते कारण उघड आहे. स्नोड्रॉपच्या कंदांना बाजूने पिल्ले फुटतात, आणि बरीच वर्षे कोणी हात लावला नाही की एकाच जागी कंदांची इतकी गर्दी होते की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येते आणि फूल धरण्याइतका आकार कोणालाच गाठता येत नाही. मी दर तीन-चार वर्षांनी गड्डे उकरून मोकळे करतो. फुले ओसरताच, पाने हिरवी असतानाच, दोन-तीन कंदांचे पुंजके वेगळे करावेत, आठ ते दहा सेंटिमीटर खोल लावावेत आणि लगेच पाणी द्यावे.

हिवाळी_ऊन:
गर्दीबद्दल मी सहमत आहे, परंतु हिरव्या पानांसह उकरण्याला माझा ठाम विरोध आहे. कंद पुढच्या वर्षीचे अन्न साठवत असतो नेमका तेव्हाच आपण त्याची मुळे तोडतो. माझ्या बागेत असे हलवलेले पुंजके एक वर्ष रुसलेलेच राहिले. पाने पिवळी पडून आडवी होईपर्यंत थांबावे आणि मग कंद काढून त्याच दिवशी लावावेत.

जुनीबाग:
पाने गेल्यावर कंद मातीत सापडत नाहीत, कुदळीने कापले जातात, आणि उघड्यावर राहिले तर लवकर सुकतात. शरद ऋतूत पिशवीतून येणारे कोरडे कंद पुष्कळदा उगवत नाहीत, याचे कारणही हेच आहे. एखादे वर्ष रुसलेले रोप मला मेलेल्या कंदापेक्षा परवडते.

मृद्गंध:
सफरचंदाच्या झाडाखाली, हिरवळीतच ते उगवतात. हिवाळ्यात झाडाला पाने नसल्यामुळे ऊन मिळते आणि उन्हाळ्यात सावली असते. माती काळी, ओलसर आहे, परंतु पाणी साचत नाही. खोली मला माहीत नाही.

अक्षरवेल:
ही फुले स्नोड्रॉपचीच आहेत, याची खात्री केली आहे का? ल्यूकोजम हे दुसरे कंदाचे फूल पुष्कळसे असेच दिसते, पण त्याच्या सहाही पाकळ्या सारख्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला ठिपका असतो. स्नोड्रॉपच्या बाहेरच्या तीन पाकळ्या लांब आणि शुभ्र, तर आतल्या तीन आखूड आणि हिरव्या खुणेच्या असतात. गॅलँथस या त्याच्या शास्त्रीय नावाचा ग्रीकमधील अर्थच दुधासारखे फूल असा आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने सामान्य जातीला गॅलँथस निव्हॅलिस हे नाव 1753 मध्ये दिले. याच कुळातील एका जातीपासून 1950 च्या दशकात गॅलँटामिन हे औषधी द्रव्य वेगळे केले गेले, जे पुढे अल्झायमरच्या उपचारात वापरले जाऊ लागले. कंद मात्र विषारी असतात, म्हणून उकरताना हातमोजे घालावेत.

मृद्गंध:
माहितीबद्दल आभार. आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण आहे, म्हणजे ती स्नोड्रॉपचीच फुले आहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की फुले का कमी झाली.

कंदप्रेमी:
आपण हिरवळीचा उल्लेख केलात, म्हणून विचारतो. तेथील गवत वसंतात पहिल्यांदा कधी कापले जाते?

मृद्गंध:
मार्चच्या शेवटी. आम्ही आल्यापासून भाऊ यंत्राने सगळी हिरवळ एकदमच कापतो. तोवर फुले सरलेली असतात, म्हणून ते लिहावेसे वाटले नाही.

कंदप्रेमी:
मला वाटते, मुख्य कारण हेच आहे. फुले सरली तरी पानांचे काम सुरूच असते. फुलोऱ्यानंतर सुमारे सहा आठवडे ती कंदात अन्न भरतात आणि त्याच अन्नावर पुढच्या हिवाळ्याची कळी घडते. आपल्याकडे ती पाने चार वर्षे मध्येच कापली गेली, त्यामुळे कंद पाने काढण्यापुरते बळ राखून राहिले. पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत तेवढ्या कोपऱ्यात यंत्र नेऊ नये. त्यांच्या गाठीही मारू नयेत.

जुनीबाग:
हे मान्य आहे, पण गर्दीचाही हात असणार. एक गड्डा खणून पाहावा.

मृद्गंध:
आज कडेचा एक गड्डा उकरला. कंद एकमेकांवर चढलेले, काही वाटाण्याएवढेच आहेत. आता अर्धे गड्डे फुले ओसरताच मोकळे करून पानांच्या खतात लावते, उरलेले अर्धे पाने पिवळी पडल्यावर हलवते, आणि तो कोपरा मेअखेरपर्यंत न कापण्याचे भावाने कबूल केले आहे. दोन्ही पद्धतींचे काय झाले, ते पुढच्या फेब्रुवारीत येथेच लिहीन. पण आईला यंदा खिडकीतून काहीच दिसत नाही.

हिवाळी_ऊन:
मग सातांपैकी दोन-तीन फुले दांड्यासह खुडून लहानशा पेल्यात तिच्या उशाशी ठेवा. फूल खुडल्याने कंदाचे नुकसान होत नाही, पाने तेवढी राखावीत. बाहेर दहा अंशांखाली ही फुले मिटून, मान खाली घालून राहतात, पण उबदार खोलीत थोड्याच वेळात उमलतात आणि मधासारखा मंद वास येतो. बागेत गुडघे टेकून वाकल्याशिवाय तो कळत नाही.

मृद्गंध:
तीन फुले आणली. पाण्यात ठेवल्यावर बाहेरच्या पाकळ्या पंखांसारख्या पसरल्या. आईने पेला डोळ्यांजवळ धरून आतल्या हिरव्या खुणा पाहिल्या आणि म्हणाली, खिडकीतून हे कधीच दिसले नव्हते.