अस्वल गुरगुरतं, पण तेवढंच का?

भाचीच्या गृहपाठात जोड्या लावायच्या होत्या. वाघ आणि डरकाळी, घोडा आणि खिंकाळणे, हत्ती आणि चीत्कार, मोर आणि केकारव. अस्वलाशी ती अडली. मी 'गुरगुरणे' सांगून मोकळा झालो, तर म्हणाली, "मामा, ते तर आपला मोती करतो." अस्वलाला स्वतःचा शब्द आहे का मराठीत? हे विचारल्यावर आलेली उत्तरं खाली देतोय.

*

भाचीचं बरोबर आहे. आरवावं कोंबड्याने, खिंकाळावं घोड्याने. हे शब्द त्या त्या प्राण्याला चिकटलेले. गुरगुर मात्र कोणा एकाची नाही. तोंड जेमतेम उघडून घशातल्या घशात काढलेला, सलग चालणारा धमकीचा आवाज म्हणजे गुरगुर; मग तो कुत्र्याचा असो, वाघाचा असो की अस्वलाचा.

क्रियापदं बघा. डरकाळी फोडतात, हंबरडाही फोडतात. (हंबरडा गाईच्या हंबरण्यातला, पण आता तो माणसंच जास्त फोडतात.) गुरगुर कोणी फोडत नाही. डरकाळी रानभर जाते, गुरगुर समोरच्यापुरती असते. शिक्षण हे वाघिणीचं दूध, ते पिणारा गुरगुरल्याशिवाय राहणार नाही, हे बाबासाहेबांच्या नावाने सांगितलं जाणारं वाक्य घ्या. वाघीण असूनही तिथे डरकाळी नाही. समोर उभ्या असलेल्याला 'आता पुढे येऊ नकोस' असं बजावायचं, तर गुरगुरच हवी. मला तरी तो शब्द तिथे फार नेमका वाटतो.

'गुरकावणे' वेगळं, त्यात गल्लत करू नये. मोती हाडूक घेऊन बसला की तासभर गुरगुरत राहील. तुम्ही हात पुढे केलात की गुरकावेल. ते एका झटक्यात होतं आणि कोणावर तरी होतं. म्हणून साहेब शिपायावर गुरकावतात आणि मग दिवसभर केबिनमध्ये गुरगुरत बसतात.

जाता जाता: ग चा घ केला की धमकी संपते. मांजर मांडीवर घुरघुरतं ते सुखाने. घरघर जात्याची, आजाऱ्याच्या छातीतली, आणि बंद पडायला आलेल्या कारखान्याला लागते ती शेवटची.

*

आमचं गाव बुलढाण्याकडे, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला. मोहफुलं पडायला लागली की अस्वलांच्या गोष्टी रोजच्या. गुरगुरणं आहेच, दचकलं तर अंगावर येताना केवढ्याने तरी ओरडतंही. पण त्याचा खरा स्वतःचा आवाज खाण्याचा आहे.

आधी नखांनी वारूळ फोडतं. मग फूं करून माती उडवतं. मग नाकपुड्या मिटून, लांब ओठांची नळी करून वाळवी आत ओढतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून सगळं सुर्रकन आत. शांत रात्री हा आवाज शंभर मीटरवरूनही सहज ऐकू येतो. बशीतला गरम चहा ओढणाऱ्या आजोबांना शंभराने गुणा.

याला शब्द नाही कसा? कढीचा मारतो तो भुरकाच की हा! शिवाय निवांत पडलेलं अस्वल पंजा चोखत गुणगुणतं. गुणगुणणं आपण भुंग्याला आणि गाणाऱ्या माणसाला देऊन बसलोय, तिसऱ्याची सोयच ठेवली नाही.

*

'भुरका' पटला. फक्त तो कोशात प्राण्यांच्या आवाजात बसणार नाही, कारण तो घशातून येत नाही, ओठातून येतो. पण मग टाळ्या पिटल्यासारखा पंखांचा फडफडाटही आपण खुशाल पक्ष्यांच्या खात्यावर लिहितोच.

*

भाचीने 'गुरगुरणे'च्या पुढे कंस करून 'भुरके मारणे' लिहिलंय. वही सोमवारी बाईंकडे जाईल. आज दुपारी कढी होती, त्यामुळे प्रात्यक्षिकही झालं. आजीने तिच्यावर गुरकावून ते थांबवलं.