650 मिमी पाऊस पडूनही विहिरी फेब्रुवारीत तळाला: पाण्याचा ताळेबंद कुठे चुकतो?

शिवार_22
मराठवाड्यातलं गाव. 1,000 हेक्टर, खाली काळा पाषाण, माणसं 2,000, मोठी जनावरं 1,000. रब्बीआधी ग्रामसभेत ताळेबंद मांडायचाय. पाऊस गुणिले क्षेत्र केलं की 65 लाख घनमीटर येतात, पण तेवढं पाणी दिसत तर नाही. शिवाय बऱ्याच शेतीपंपांना विजेचं मीटर नाही, सौरपंपही वाढलेत. उपसा मोजायचा कसा?

विहीर_मोजणी
65 लाख हा पडलेला पाऊस झाला, मुरलेला नव्हे. मुरलेलं पाणी विहिरीच सांगतात. माथ्यावरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून 15-20 विहिरी निवडा. मे अखेर आणि ऑक्टोबरात त्याच विहिरींची पातळी घ्या. कठड्यावर रंगाची खूण करून टेप तिथूनच सोडा, कठड्याची उंची वजा करा. मोजायचं पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आत, आणि रात्री ज्या विहिरीवर मोटार चालली ती त्या दिवशी सोडून द्या. उपशाने खचलेली पातळी धरली की सगळाच हिशेब खोटा पडतो.

समजा सरासरी वाढ 4 मीटर आली. आपल्या झिजलेल्या पाषाणात साठवण, म्हणजे खडकाच्या आकारमानातला उपसता येणाऱ्या पाण्याचा वाटा, जेमतेम 2 टक्के धरतात. म्हणजे 1 कोटी चौरस मीटर × 4 × 0.02 = 8 लाख घनमीटर. उघडा कातळ आणि तीव्र उतार क्षेत्रातून वगळा, आकडा आणखी उतरेल.

पंप_लिटर
उपशासाठी 200 लिटरचा बॅरल आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. 50 सेकंदांत भरला तर तासाला 14.4 घनमीटर. याला पंप चालल्याचे तास गुणा. जिथे मीटर आहे तिथेही नुसत्या युनिटांवरून पाणी काढू नका. पंपसंचाची कार्यक्षमता 40 टक्के धरली तर एका युनिटमध्ये 30 मीटरवरून सुमारे 4.9 घनमीटर पाणी येतं, 60 मीटरवरून त्याच्या निम्मं. सौरपंपाला बिल नाही, ऊन आहे तोवर तो चालतो, म्हणून त्याच्या डिलिव्हरी पाइपवर पाण्याचं मीटर बसवायचा ठराव आधी करा.

शिवार_22
8 लाख धरले तर ऊस किती लावता येईल? आणि शेततळी जमेत धरायची का?

विहीर_मोजणी
8 लाखांपैकी 70 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. भूजल मूल्यांकनात सुरक्षित पाणलोटाची मर्यादा तीच आहे. उरले 5.6 लाख. माणशी 55 आणि जनावरामागे 60 लिटर धरून वर्षाचे सुमारे 62,000 आधी बाजूला काढा. शेतीला साधारण 5 लाख राहतात. पाटाने भिजवलेल्या उसाला एकरी 8,000 घनमीटर धरले तर जेमतेम 62 एकर. हरभऱ्याला 1,200 धरले तर 400 एकरांच्या वर. ग्रामसभेत हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं बोअरच्या पाण्याने भरत असाल तर ते खर्चात लिहायचं. 30×30×3 मीटरच्या तळ्यात, बाजू उतरत्या असल्याने, सुमारे 20 लाख लिटर मावतं. मार्च ते मे रोज 7-8 मिमी बाष्पीभवन धरलं तरी 5-6 लाख लिटर उडून जातं, आणि कागदामुळे खाली थेंबही मुरत नाही.

पंप_लिटर
एक राहिलं: पावसाळ्यात खरिपाला उपसा झाला असेल तर तो 8 लाखांत मिळवा आणि खर्चातही धरा. नाहीतर मुरलेलं पाणी कमी दिसतं.