मदत हवी आहे : लग्नाची नोटीस आणि जर्मनीचा व्हिसा, तारखा कशा बसवाव्यात?

मुलगी नाशिकची मराठी हिंदू, मुलगा मल्याळी ख्रिश्चन, नोकरी बंगळूरला. तिचं जर्मनीतलं एमएस १ ऑक्टोबरपासून. धर्म कोणीच बदलणार नाही, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४.

दोघांपैकी एक जण नाशिक जिल्ह्यात सलग ३० दिवस राहत असेल तर नोटीस इथे देता येते. मग ३० दिवस थांबायचं, ३ साक्षीदार आणायचे. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाडी अडते ती इथेच. व्हिसाच्या अर्जात वैवाहिक स्थिती लिहावी लागते. अर्ज ‘अविवाहित’ म्हणून भरला आणि मध्येच लग्न झालं, तर कळवावं लागणारच. आडनाव मात्र अजिबात बदलू नये, पदवी आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं पाहिजे. (लग्नानंतर ते बदलण्याची सक्तीही नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं.)

नोटीस एप्रिलमध्ये देऊन लग्नानंतर अर्ज करावा, की व्हिसा आधी आणि लग्न पहिल्या सुट्टीत? नाशिकच्या विवाह अधिकाऱ्यांकडे परजिल्ह्यातल्या मुलाचे कोणते पत्त्याचे पुरावे चालतात? अलीकडे यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.