शब्दचर्चा : जागतिक जागरूकता, जाणीव की भान? आणि 'होल स्कूल' चं काय करायचं?

प्रश्न
एका शाळेच्या आराखड्याचं भाषांतर करतेय. विषय असा की जगात काय चाललंय ते मुलांना कळावं, त्यात आपला वाटा काय ते उमजावं, आणि हे एका तासापुरतं न राहता सगळ्या शाळेच्या कारभारात उतरावं. यालाच इंग्रजीत 'होल स्कूल अप्रोच' म्हणतात. मी लिहिलं 'जागतिक जागरूकता व उत्तरदायित्व : संपूर्ण शाळा दृष्टिकोन'. वाचून माझाच घसा कोरडा पडला. काहीतरी बरं सुचवा.

प्रतिसाद १
आधी जागतिक ठेवलंत ते छान केलंत. हल्ली हिंदीच्या नादाने सगळे वैश्विक लिहितात, मराठीत वैश्विक म्हटलं की मला वैश्विक किरण आठवतात, म्हणजे पार अंतराळ. आपल्याकडे तापमानवाढ जागतिक, महायुद्ध जागतिक, आरोग्य संघटनाही जागतिकच. आणि आंतरराष्ट्रीय पण नको, ते देशादेशांमधलं झालं. युनेस्कोच्या या विषयावरच्या १९७४ च्या शिफारशीच्या नावात आंतरराष्ट्रीय सामंजस्य होतं, २०२३ मध्ये ती नव्याने केली तेव्हा ते राहिलंच पण जागतिक नागरिकत्व हा शब्दही नावात आला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांमधलं ४.७ हे लक्ष्यही जागतिक नागरिकत्वाबद्दल बोलतं.

प्रतिसाद २
माझं मत भानाला. क्रियापदं लावून बघा ना, लगेच कळतं. जागृती आपण करतो, तीही बहुतेक दुसऱ्यांची. जाणीव होते, नाहीतर कोणीतरी करून देतं, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जाते. भान मात्र असतं, ठेवावं लागतं, सुटतं, माणूस भानावर येतो. म्हणजे ते सतत सांभाळायची गोष्ट आहे. मी एका शाळेत वसुंधरा दिन पाहिलाय, स्टेजवर थर्माकोलचा मोठ्ठा पृथ्वीगोल, त्याखाली 'प्लास्टिक टाळा', आणि पाहुण्यांसमोर प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. जागृती शंभर टक्के झाली होती हो, भान कोणालाच नव्हतं.

प्रतिसाद ३
थर्माकोलला +१ 😄
उत्तरदायित्व काढाच. दायित्व म्हटलं की ताळेबंदातली देणी डोळ्यासमोर येतात. जबाबदारी हा चांगला रुळलेला शब्द आहे आणि पोटात तोच अर्थ, अरबी जवाब आणि फारसी दार, म्हणजे ज्याला जाब द्यावा लागतो तो. इंग्रजी रिस्पॉन्सिबिलिटीच्या मुळाशीही उत्तर देणंच आहे. शिवाय जबाबदारी घेता येते, पेलता येते, ढकलता येते, झटकता येते. उत्तरदायित्व झटकलेलं ऐकलंय कधी?

प्रश्नकर्ती
भान आणि जबाबदारी पटले. पण 'संपूर्ण शाळा दृष्टिकोन' अजून तसाच पडलाय.

प्रतिसाद २
दृष्टिकोन म्हणजे बघायची तऱ्हा, आणि इथे तर करायचं आहे. त्यापेक्षा 'शाळाभर' म्हणा! घरभर, गावभर, दिवसभर तसं शाळाभर. गणिताच्या तासाला गळक्या नळातून महिन्याला किती पाणी जातं ते काढलं, ऑफिसने कागद दोन्ही बाजूंनी वापरला, इतिहासात वसाहतींचा धडा शिकवताना कापूस कुठून कुठे गेला ते नकाशावर दाखवलं, डब्यातलं किती अन्न वाया जातं ते मुलांनीच मोजलं, हे सगळं एका शब्दात येतं.

प्रतिसाद १
घरभर म्हटलं की मला पसाराच आठवतो. शाळाव्यापी कसं वाटतं? देशव्यापी सारखं.

प्रतिसाद ३
देशव्यापीच्या मागून माझ्या डोक्यात लगेच संप येतो. शाळाभरच बरं. फक्त 'शाळाभर जागतिक भान' नुसतं नका ठेवू, नाहीतर शाळेच्या भिंतीभर तक्ते असा अर्थ लागायचा. क्रियापद येऊ द्या.

प्रश्नकर्ती
मग असं करते : 'जगाचं भान, आपली जबाबदारी : शाळाभर कसं रुजवायचं'. जागतिक शीर्षकातून गेलं, आत मजकुरात राहील. आता पुढच्या पानावर 'स्टेकहोल्डर' आलाय आणि मूळ मजकुरात त्यात शिपाई, सफाई कर्मचारी, पालक सगळे धरलेत. हितसंबंधी लिहिलं तर ते लोक शाळेवर टपून बसल्यासारखे वाटतात. भागधारक लिहिलं तर शेअरबाजार. काय करू?

प्रतिसाद २
'शाळेशी संबंधित सगळे' लिहा आणि कंसात ते शिपाई, पालक वगैरे नावानिशी सांगा. तीन शब्द लागले तर लागले.