टॉकीज स्टॉपला उतरलात तर टॉकीज कुठंय? (थेटरातले अनुभव लिहा)

पावसाळी_खिडकी:
परवा माहेरी जाताना एसटीत कंडक्टर ओरडला, "टॉकीजवाले चला पुढे", मी सवयीने उठले, उतरले, आणि समोर बघते तर मोबाईलचं दुकान, वर कोचिंग क्लास, बाजूला पार्किंग. टॉकीज पाडून बरीच वर्षं झाली हे माहीत होतं मला, पण स्टॉपचं नाव अजून तेच आहे, आणि माझ्यामागून उतरलेल्या कॉलेजच्या पोरीने तिथे टॉकीज बघितलेलीच नसणार कधी.

तर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठलंही थेटर असो, अनुभव लिहा. टॉकीज, तंबू, व्हिडिओ, मल्टिप्लेक्स सगळं चालेल. आणि एक मुद्दाम विचारतेय, थेटरात शेवटचं कधी गेलात आणि का गेलात? घरी पडल्यापडल्या दिसत असताना माणूस कपडे बदलून का जातो हे मला कळून घ्यायचंय.

माझ्यापासून सुरुवात. आमच्या गावाची शेवटची गाडी पावणेनऊची, मुक्कामी. सहाचा खेळ सुटायचा नऊला, कधी सव्वानऊ. म्हणजे क्लायमॅक्स सुरू झाला की बाबा मनगट वर करून पडद्याच्या उजेडात घड्याळ बघायचे आणि आम्ही चौघं वाकून वाकून, लोकांच्या शिव्या खात बाहेर. हिरो बांधलेला, हिरोईन बांधलेली, हिरोची आई बांधलेली आणि आम्ही स्टँडकडे पळतोय. बारावीपर्यंत मी थेटरात बघितलेल्या एकाही पिक्चरचा शेवट मला माहीत नव्हता. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर एकेकाची शेवटची दहा मिनिटं शोधून बघितली. काही मजा आली नाही. सगळे सुटले एवढंच कळलं.

कार्बनचा_धूर:
आमचे वडील ऑपरेटर होते, ३१ वर्षं एकाच टॉकीजमध्ये, त्यामुळे माझं अर्धं बालपण केबिनमध्ये गेलं. लोकांना वाटतं ऑपरेटर म्हणजे बटण दाबून बिडी ओढत बसणारा माणूस. दोन प्रोजेक्टर असायचे, एक रीळ साधारण वीस मिनिटं चालायचं, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकायचा, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडचं बंद तिकडचं चालू. खाली बसलेल्याला कळता कामा नये. मी आजही टीव्हीवर जुना पिक्चर लागला की कोपऱ्यात ठिपका शोधतो, बायको म्हणते हिरोईनकडे बघ की जरा.

प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगी पेटलेली, आणि त्या जळत जळत आखूड होत जातात म्हणून अंतर सारखं हाताने जुळवत राहायचं. वडिलांचं लक्ष गेलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू. फिल्म तुटली तर ब्लेडने कडेचा मसाला खरवडायचा, सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं, मनात दहा आकडे मोजायचे. ते आकडे मोजायचं काम माझं.

रिळांच्या पेट्या यायच्या घाटावरून एसटीच्या टपावर. पावसात घाटात दरड आली की नवीन पिक्चर अडकला, मग आहे तोच आणखी चार दिवस, आणि लोक तोच पुन्हा बघायचे कारण दुसरं करणार काय.

नंतर सॅटेलाईटवरून पिक्चर यायला लागला. पेट्या गेल्या, कार्बन गेला, कॉम्प्युटरसारखा एक डबा आला आणि त्याला कुलूप, कंपनीकडून परवानगीचा कोड आला तरच पिक्चर उघडणार. एकदा शुक्रवारी सकाळी कोड आलाच नाही, हॉल भरलेला, आणि वडील डब्यासमोर हात बांधून उभे. घरी येऊन म्हणाले, फिल्म तुटली तर मी जोडली असती रे, हे काय जोडू. दोन वर्षांनी रिटायर झाले.

आंबोळी_न्_उसळ:
आमच्या गावात टॉकीज नाय हुती, आमका व्हिडिओ. सत्यनारायणाची पूजा म्हटली की रात्री व्हिडिओ, मुंबैवाल्यांच्या मंडळान वर्गणी काढून आणलेलो. खळ्यात टीव्ही, मागे जनरेटर घूं घूं करता, तीन पिक्चर एका रात्रीत, तिसऱ्याक फक्त पोरां आणि कुत्रे जागे. दशावतारी नाटकवाले तेव्हा खूप चिडायचे, कारण पूर्वी पूजेक नाटक असायचा, व्हिडिओ इल्यावर कितीतरी वाड्यांनी नाटक बंद केलां.

आणि आता बघा गंमत. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' पिक्चर लागलो, दिलीप प्रभावळकरांचो, दशावतारी कलाकाराची गोष्ट, तर आमच्या वाडीतसून दोन गाडये भरून गेले. व्हिडिओन नाटकाक मारल्यान तां नाटक पिक्चरात जावन थेटर भरता! आमची आजी धरून. आजीन याआधी थेटर कधी बघितला तां तिकाच आठवत नाय. पयली गोष्ट म्हणजे तिना चपला दाराबाहेर काढल्यान. मी परत आणलंय, तर सीटखाली ठेवल्यान आणि खुर्चीर मांडी घालून बसली, एसीची थंडी वाजता म्हणून डोक्यावरसून पदर. पुढच्या रांगेतलो बाप्या मोबाईल काढून बघी, तर त्याच्या खांद्यार टिचकी मारून सांगता, "रे बाबा, नाटकात लायटी मालवतत." तो गप मोबाईल खिशात.

पिक्चर सुटल्यावर सगळे बाहेर उभे राहून अर्धो तास बोलत हुते, वळखीचे नसलेले पण. घराकडे बघितला असता तर मी तेवढ्यात दोनदा युरीनक जावन इलंय असतंय.

खवचट_खोत:
सगळे जुन्या आठवणींत लोळतायत म्हणून दुसरी बाजू. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये ढेकूण होते. खुर्चीतले ढेकूण घरी यायचे, आई दारातच कपडे काढायला लावायची. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. आवाज विहिरीत बसून बोलल्यासारखा. जुलैत छत गळायचं, पिक्चरमध्ये पावसाचं गाणं लागलं तर भिजतंय कोण हे कळायचं नाही. बंद झाली, वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडंच वाटलं.

आणि मल्टिप्लेक्सचं म्हणाल तर गेल्या दिवाळीत आम्ही चौघं गेलो. तिकिटं, पॉपकॉर्न, पोरांचं कोल्ड्रिंक, गाडीचं पेट्रोल, १८०० रुपये. तेवढ्यात घरी वर्षभर बघून होतं. हिंदी पिक्चर तसाही आठ आठवड्यांनी घरी येतोच, मल्टिप्लेक्सवाल्यांनीच ती अट घालून ठेवलीय. आठ आठवडे थांबायला काय जातं? हापूससाठी आपण दहा महिने थांबतो.

भाताची_खाचरं:
खवचट खोत, तुम्ही पुरुष आहात म्हणून १८०० चा हिशोब मांडताय. आम्हाला कोणी टॉकीजला जाऊच देत नव्हतं हो. सासऱ्यांचं मत, टॉकीज म्हणजे वाया गेलेल्या पोरांची जागा. लग्नानंतर अठरा वर्षांत मी थेटरात दोनदा गेले, दोन्ही वेळा जावेच्या माहेरच्या माणसांबरोबर.

मग २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला. ३० जूनला लागला, पण आमच्याकडे तेव्हा भाताची लावणी, चिखलातून वर यायला कोणाला वेळ. बचतगटातल्या सगळ्या म्हणत होत्या जाईल जाईल, जाईल पिक्चर. गेला नाही, टिकला. लावणी आटपल्यावर आम्ही १७ जणी टेम्पो ठरवून गेलो. नखांतला चिखल निघाला नव्हता काहींचा, पण साड्या पैठणीच्या! सासरे काय बोलणार, बचतगटाचा कार्यक्रम म्हणून सांगितलेलं आणि ते खोटं पण नव्हतं, अध्यक्षबाई होत्याच बरोबर. इंटरव्हलला पॉपकॉर्न घेतला नाही, घरची भाकरी आणि सुकटीची चटणी पिशवीत होती, आत नेऊ देत नाहीत म्हणून बाहेर पायऱ्यांवर बसून खाल्ली, दुसऱ्या गावच्या बायका पण तेच करत होत्या. त्यांच्यातली एक तर माझी शाळेतली मैत्रीण निघाली!

आता तोच पिक्चर मोबाईलवर आहे. मी लावला एकदा, भांडी घासताना. अर्धाच बघितला.

खेडवाला_हॉस्टेलात:
माझं वय २१ त्यामुळे टॉकीज वगैरे मला माहीत नाही. पण 'तुंबाड' मी आधी मोबाईलवर बघितलेला, हॉस्टेलच्या बेडवर, ब्राइटनेस फुल करून पण अर्धा काळोखच. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थेटरांत लागला, २०१८ ला चालला नव्हता तेवढा तेव्हा चालला. पनवेलला गेलो पाच जण. तोच पिक्चर, पण पावसाचा आवाज मागून येत होता. तुंबाड गाव आमच्याच तालुक्यातलं, हे मित्रांना सांगितलं तर एकजण म्हणाला, मग खजिना कुठंय.

कुलूपवाले:
आमची टॉकीज होती, भागीदारीत, चिपळूणला. नाव लिहीत नाही. टॉकीज कशाने बंद पडली असं लोक विचारतात आणि एका शब्दात उत्तर मागतात, मोबाईल का? टीव्ही का? अहो, टीव्ही आला तेव्हा चाललो, केबल आली तेव्हा चाललो. कोकणातलं गणित मुळातच वेगळं होतं. मे महिना, गणपती आणि दिवाळी, चाकरमानी गावात असतील तेवढेच दिवस हाऊसफुल्ल, बाकी पावसाळ्याचे चार महिने दोनशे खुर्च्यांत वीस माणसं, आणि वीस असली तरी पंखे सगळे फिरवायचे. वीजबिल माणसं मोजत नाही.

मार्च २०२० ला बंद केली. नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, नवीन पिक्चरच नाहीत. एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद. आणि बंद असतानाच २२ जुलैचा पूर. पाणी हॉलमध्ये शिरलं, उतार पडद्याकडे असतो ना, त्यामुळे पुढच्या रांगा पूर्ण पाण्यात. चार दिवसांनी दार उघडलं, खुर्च्यांचा फोम फुगून पावासारखा झालेला, आणि पांढऱ्या पडद्यावर बरोब्बर आडवी चिखलाची रेघ. मी त्या रेघेचा फोटो काढला, बाकी कशाचाच काढला नाही. २२ ऑक्टोबरला सरकारने थेटरं उघडली तेव्हा आमच्याकडे उघडायला काही राहिलं नव्हतं.

२०२५ ला शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. धाकट्या भावाने बातमी पाठवली. मी त्याला अंगठा पाठवला.

ढेकणांचं म्हणणं मान्य आहे, खोत. दरवर्षी औषध मारायचो.

तेरेखोलपलीकडे:
सावंतवाडीकरांचं थेटर म्हणजे गोवा. तिथे २००४ पासून फिल्म फेस्टिव्हल भरतं आणि पणजीला मल्टिप्लेक्स पण त्याच्यासाठीच झालं. एका नोव्हेंबरात पास काढून तीन दिवस बघितले, इराणचे, कोरियाचे, खाली इंग्रजी वाचत. बाजूला एक काजू बागायतदार, निवांत झोपलेले. मी उठवलं तर म्हणाले, घरी झोप येत नाही.

मिरकरवाडा_४_नंबर:
सगळ्यांचं वाचलं. आम्ही मच्छीमार, टॉकीज म्हणजे वादळाची सुट्टी. बंदरात बावटा लागला की बोटी आत, खलाशी रिकामे, मग सगळा तांडा तीनच्या खेळाला, अंगाला बांगड्याचा वास, आजूबाजूच्या रांगा आपोआप रिकाम्या मिळायच्या, हे आमचं रिझर्वेशन.

आता बोटीवरच थेटर. खोल समुद्रात रेंज नसते म्हणून निघायच्या आधी डाऊनलोड करून घ्यायचं. रात्री जाळी टाकून झाली की एक मोबाईल, बर्फाच्या पेटीला टेकवून उभा केलेला, आणि समोर दहा माणसं, त्यात चार नेपाळी, एकाच्या डोक्यावरून दुसरा बघतोय. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मधली जागा. आवाज इंजिनामुळे ऐकू येत नाही, तर ज्याला हिंदी चांगलं कळतं तो मोठ्याने सांगत बसतो.

खिडकीताई, तुमच्यासारखंच आमचं, शेवटाला चार्जिंग संपतं. मग ज्याने आधी बघितलाय तो पुढचं तोंडाने सांगतो. गेल्या महिन्यात एका पोराने व्हिलनला जिवंत सोडलान आणि हिरोला मारलान, सगळे भडकले, तांडेल म्हणाला असं नसतंय. तो म्हणतो आईशप्पथ असंच आहे. बंदरात आल्यावर बघू म्हटलं, तर आल्यावर मासे उतरवा, बर्फ भरा, डिझेल भरा, राहूनच गेलं.